जामच्या बूथचं राहिलेलं बिल

दिवाळी अंकवाले घरी आले होते. म्हणाले, "भाऊ, तुमच्या टेलिफोन बूथच्या गमती लिहून द्या. आताच्या पोरांना बूथ म्हणजे काय तेही माहीत नाही." मी चौथी शिकलेला माणूस. आयुष्यभर अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतले, सही मात्र स्वतः केली. हे मात्र मी माझ्याच हातानं लिहितो आहे. आठ दिवस लागले. कोणाला बसवून सांगण्यासारखं हे नाही.

गमती आहेत, त्या सांगतो. पण मला खरं सांगायचं आहे ते एका बिलाबद्दल, जे मी वीस वर्षं भरलं नाही, आणि शामराव लाईनमनबद्दल, ज्याला त्या बिलापायी मी भर चौकात चोर म्हटलं. ते बिल खोटं असेल तर मी खरा. ते खरं असेल तर मी एका माणसाचं नाव मातीत घातलं. एवढीच गोष्ट आहे.

आमच्या जाम गावाला रस्ते फुटतात. एक नागपूरकडे, एक हैदराबादकडे, एक चंद्रपूरकडे. ट्रक तिथं थांबतो, ड्रायव्हर चहा पितो आणि चहा पिताना त्याला घर आठवतं. त्या आठवणीवर माझं बूथ चाललं. टिनाची टपरी, आत काचेची पेटी, पेटीत फोन, बाहेर माझं टेबल आणि टेबलावर मशीन. गिऱ्हाइकानं नंबर लावला आणि समोरच्यानं उचलला की मशीनवर लाल आकडे पळू लागायचे. फोन ठेवला की कटकट करत चिठ्ठी बाहेर. चिठ्ठीवर असेल तेवढंच घ्यायचं, चार आणे जास्त नाही.

पण खात्याचं बिल माझ्या मशीनवरून येत नसे. ते त्यांच्या एक्स्चेंजमधल्या मीटरवरून यायचं. म्हणून महिना संपला की मी सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज करायचो आणि बिलाशी लावून पाहायचो. दोन्ही जुळले पाहिजेत. त्यात माझं कमिशन. धंदा एवढाच, पण हिशेबाला चोख बसावं लागे. चौथी शिकलेल्या माणसाला दीडशे गावांचे कोड तोंडपाठ होते. कोणीही यावं आणि गाव सांगावं, पुस्तक उघडायचं काम नाही. समुद्रपूरचे मास्तर मुद्दाम परीक्षा घ्यायला यायचे. एकदाही नापास झालो नाही.

गिऱ्हाइकं एकेक. पंजाबचा एक ड्रायव्हर इतक्या मोठ्यानं बोलायचा की चौकातला पानवाला तिथून उत्तर द्यायचा. मी एकदा म्हटलं, "भाईसाब, फोन क्यों लगाते हो, ऐसेच बोलो, घर तक सुनाई देगा." तो इतका हसला की पुढच्या खेपेला माझ्यासाठी गुळाची ढेप घेऊन आला.

दुसरा आमच्याच बाजूचा, पैशाला फार जपणारा. लाल आकड्यावर डोळा ठेवून बोलायचा आणि आकडा बदलणार असं दिसलं की धाडकन ठेवून द्यायचा. एकदा भावाला सांगत होता, "बैल विकजो नोको." 'बैल विकजो' म्हणाला आणि आकडा हलला. त्यानं ठेवला. 'नोको' तोंडातच राहिलं. मी म्हटलं, अरे, पुन्हा लाव. म्हणाला, "समजते त्याले." आठ दिवसांनी कळलं, बैल विकला. मग माझ्यावरच भडकला, मशीन जोरात पळते म्हणून.

माझा एक नियम होता. मयतीचा निरोप सांगायचा असेल तर पैसे घ्यायचे नाहीत. हा नियम कोणी शिकवला नव्हता, मीच केला. त्याचाही लोकांनी फायदा घेतला. एकानं आपल्या मामाला तीनदा मारलं. तिसऱ्या वेळी मामा त्याच्यासोबतच आला होता, बाहेर चहा पीत होता. मी त्याला पैसे मागितले नाहीत, मामाला मागितले.

दुसरा नियम, ऐकायचं नाही. काचेच्या पेटीतून आवाज येतोच. म्हणून मी रेडिओ लावून ठेवायचो. लोक रडायचे, भांडायचे, पोरींची लग्नं ठरवायचे आणि मोडायचे. मी तोंड रस्त्याकडे करून बसायचो. जामच्या लोकांची अर्धी गुपितं माझ्या काचेआड होती आणि मला एकही माहीत नव्हतं, असं मी मिरवून सांगायचो. ते खरंच निघालं. माझ्या घरचंही मला माहीत नव्हतं.

आता वंदनाचं सांगावं लागेल. वंदना माझी एकुलती एक मुलगी. हिंगणघाटला कॉलेजात होती. तिथं तिच्याबरोबर शिकलेल्या मुलाशी तिनं लग्न केलं आणि दोघं भुसावळला गेले. मुलगा बौद्ध समाजाचा. शिकलेला, रेल्वेत लागलेला, सुपारीचंही व्यसन नाही. आज लिहिताना मला त्याच्यात एक खोट सापडत नाही. तेव्हाही सापडली नव्हती. फक्त जात सापडली. मी घरात सांगितलं, ह्यापुढं तिचं नाव ह्या छपराखाली घ्यायचं नाही. माझ्या बायकोनं, इंदूनं, ते नाव घेतलं नाही. ती गप्प बसली म्हणजे तिनं मानलं, असं मी धरून चाललो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ते बिल आलं.

कापूस वेचणीचा महिना होता. गावाजवळ आमचं तीन एकर वावर आहे. दुपारी मजूर बायांवर लक्ष ठेवायला मी वावरात जायचो आणि बूथवर इंदू बसायची. बिल आलं ते नेहमीच्या कितीतरी पट. मी चिठ्ठ्यांची बेरीज तीनदा केली. जवळजवळ नऊ हजारांचा फरक. त्या काळी नऊ हजार म्हणजे माझ्या बूथचा जीव होता.

त्याच सुमारास दोन-तीन गिऱ्हाइकांनी मला सांगितलं होतं, "भाऊ, दुपारी तुमचा फोन डेड राह्यते." मी दोन्ही गोष्टी जोडल्या. दुपारी माझी लाईन डेड, आणि बिल मात्र चढलेलं. म्हणजे कोणीतरी खांबावरून माझी लाईन दुसरीकडं जोडून देतो. अशा गोष्टी तेव्हा चहाच्या टपरीवर सगळेच बोलत. आणि खांबावर चढणारा माणूस एकच, शामराव लाईनमन.

शामराव माझ्याकडं सहा वर्षं यायचा. पावसात लाईन गेली तर सांगायच्या आधी शिडी घेऊन हजर. माझ्या हातचा चहा प्यायचा, माझ्या बाकावर बसायचा. पण तो जावयाच्या समाजाचा होता. हे कारण मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही. पण ते होतं. आतून जळत होतं, ते काढायला मला माणूस पाहिजे होता.

तो सकाळी सायकलीवरून आला, शिडी खांद्यावर. मी चौकातच अडवला.

"काऊन रे शामराव, माही लाईन कोनाले इकली?"

त्याला आधी गंमत वाटली. "काय भाऊ, सकाळी सकाळी!"

"गंमत नाई करून राह्यलो. नऊ हजार! कोनाच्या घरी तार टाकली, सांग."

चहावाले, पानवाला, ट्रकवाले सगळे गोळा झाले. शामरावनं शिडी खाली ठेवली. माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं टपरीच्या दारात उभ्या असलेल्या इंदूकडं पाहिलं. मला वाटलं, चोर नजर चुकवतो आहे.

"भाऊ, म्या तुमच्या लाईनले हात नाई लावला," तो म्हणाला.

"चोर हायेस तू. साऱ्या चौकासमोर म्हनतो, चोर हायेस!"

त्यानं शिडी उचलली आणि गेला. तो जाताना इंदूचं तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, माझ्या रागाला घाबरली.

मी खात्याकडं लेखी तक्रार केली. लिहिणाऱ्याकडून लिहून घेतली, त्यात शामरावचं नाव घालायला लावलं. खात्यातून उत्तर आलं की कोणत्या नंबरला किती बोलणं झालं त्याची पूर्ण यादी पाहिजे असेल तर फी भरून अर्ज करा. मी म्हटलं, चोरीची यादीही पैसे देऊन घ्यायची काय? घरी इंदूला सांगितलं. ती म्हणाली, "नका भरू. काय करता यादी घिऊन. जाऊ द्या." बायको आपल्या बाजूनं आहे, मला बरं वाटलं. मी ना यादी घेतली, ना बिल भरलं. फोन कापला गेला. तसेही लोकांच्या खिशात मोबाईल यायला लागले होते. काचेच्या पेटीत मी पुढं नारळ ठेवायचो विकायला.

शामराव काही महिन्यांत जामवरून निघून गेला. बदली झाली म्हणे, दूर जंगलाच्या बाजूला. मी चौकात सांगत फिरलो, पाहा, खात्यालाही पटलं.

वीस वर्षं गेली. इंदू सहा वर्षांपूर्वी वारली. मयतीला वंदना आली होती, नवऱ्याला घेऊन. आईच्या पायाशी बसली, रडली, संध्याकाळी परत गेली. मी तिच्याशी बोललो नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती थोडा वेळ. मी लाकडं मोजत होतो.

आणि ह्या वर्षी ते पत्र आलं. पोस्टमन म्हणाला, "काका, कोर्टाचं दिसते. काय केलं म्हाताऱ्यापनी?" उघडून त्यानंच वाचून दाखवलं. जुनं थकलेलं टेलिफोन बिल, व्याजासकट एवढे एवढे, लोकअदालतीत येऊन मिटवा, नाहीतर पुढची कारवाई.

वाचणाऱ्यांना खोटं वाटेल, पण मला आनंद झाला. एकट्या माणसाला सकाळ कशी काढावी हा प्रश्न असतो. मला काम मिळालं. मी पेटी काढली. त्यात माझ्या सगळ्या चिठ्ठ्या रबर लावून ठेवल्या होत्या, महिन्यामहिन्याच्या. माझा पुरावा. रबर हाताला लागताच तुटलं. चिठ्ठ्या उलगडल्या तर कोऱ्या. जांभळी शाई उडून गेली होती. एकावर आकडा नाही. वीस वर्षं मी कोरे कागद जपून ठेवले होते.

तरी माझा हट्ट गेला नाही. एस.टी.नं समुद्रपूरला गेलो. कोर्टाजवळ एक तरुण वकीलबाई बसते, आमच्या ओळखीच्या घरातली. तिनं पत्र पाहिलं आणि हसली.

"काका, हे काई भरायचं कामच नाई. इतकं जुनं देनं, मुदत कवाचीच सरली. 'मान्य नाही' असं लिहा, सही करा, खेळ खतम."

"तसं नाई पाह्यजे मले," मी म्हटलं. "मुदत सरली म्हनून नाई. बिल खोटं हाय म्हनून सुटलो पाह्यजे. तसं लिहून पाह्यजे."

"तुमाले सुटून मतलब का भांडून?"

"जिंकून."

तिनं कपाळाला हात लावला, पण आली बिचारी. लोकअदालत म्हणजे कोर्टाच्या आवारात टेबलं मांडलेली असतात. बँकवाले, विजेवाले, फोनवाले आपापल्या फायली घेऊन बसतात आणि लोकांना म्हणतात, थोडं तुम्ही सोडा, थोडं आम्ही सोडतो. फोनच्या टेबलावर एक बाबू होता, भला माणूस. माझं प्रकरण तक्रारीचं म्हणून त्यानं जुनी फाईल सोबत आणली होती. वकीलबाईनं ती मागून घेतली. माझा तक्रार अर्ज त्यात होता, खाली माझी सही, ठसठशीत. आणि त्याच्या मागं ती यादी. मी मागितली नव्हती तरी चौकशीसाठी त्यांनी काढून ठेवलेली.

ती बोट फिरवत वाचू लागली. मग थांबली.

"काका, ह्या साऱ्या नंबरात एक नंबर पुन्हा पुन्हा हाय. रोज. दुपारी दोनच्या मागंपुढं. कदी अर्धा घंटा, कदी पाऊन. एक, दोन, तीन... सव्वीस दिवस." मग तिनं कोड वाचला. "हे कुठलं गाव?"

दीडशे कोड पाठ असलेल्या माणसाला तिनं विचारलं. मी सांगितलं, "भुसावळ."

पुढं ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. वेचणीचा महिना. मी वावरात. इंदू बूथवर. एवढं सरळ होतं. मग तिनं फाईलमधला पुढचा कागद वाचला, शामरावचा जबाब. चार ओळी. 'लाईन तपासली. खांबावर किंवा बाहेर कोठेही जोड आढळला नाही. कॉल बूथमधूनच झालेले आहेत. कोणी केले ते मला सांगता येत नाही.' त्याच्या मागं त्याचा आणखी एक अर्ज, घरगुती अडचणीमुळं बदली मिळावी म्हणून. खात्यानं त्याला हलवलं नव्हतं. माझ्या चौकातून तो स्वतः निघून गेला होता.

मग चिठ्ठ्या का निघाल्या नाहीत, हे मला त्या टेबलापाशी उभ्या उभ्या समजलं. लाईन भिंतीवरच्या डब्बीतून मशीनमध्ये जायची आणि मशीनमधून फोनमध्ये. मशीनची वायर काढून साधा फोन सरळ डब्बीला लावला तर बोलणं होतं, चिठ्ठी निघत नाही. एक्स्चेंजचं मीटर मात्र पळतं. इंदूच्या हातात एकदा मी स्क्रू काढायचा पेचकस पाहिला होता. म्हणाली होती, पंखा आवाज करते. मशीनवर माझा एवढा भरवसा की त्याला वळसा घालता येतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. माझी बायको असं करेल हेही नाही.

बाबू म्हणाला, "काका, बसा. पानी आनू काय?"

मी म्हटलं, "पेन द्या."

नोटिशीच्या मागं मी माझ्या हातानं लिहिलं. 'बिल बरोबर आहे. कॉल माझ्या बूथवरून माझ्या बायकोने केले. लाईनमन शामराव याची काही चूक नव्हती. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. रक्कम भरतो.'

वकीलबाई म्हणाली, "काका, लेखी देऊन राह्यले. मंग भराच लागन."

"भरतो."

बाबू म्हणाला, "व्याज सोडतो, मुद्दलातही सूट बसते."

"सूट नोको. पुरे घ्या."

"अवो काका, इथं सारे कमी कराले येतात, तुमी वाढवाले आले काय? आमच्या कागदावर पुरे घ्यायचा रकानाच नाई." शेवटी त्यानं व्याज सोडलं आणि मुद्दल पूर्ण घेतलं. कापसाचे पैसे होते, ते दिले. मग मी म्हटलं, "आता हे शामरावच्या फायलीत लावा."

"थे कवाचेच रिटायर झाले. त्यायच्या फायलीत मी आता काय लावू?"

"मंग कुठं लावू?"

त्यानं पावती माझ्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

शामराव हिंगणघाटला मुलाकडं राहतो, हे वकीलबाईनं फोन करून शोधून दिलं. तिसऱ्या दिवशी गेलो. तो अंगणात खुर्चीवर होता. गुडघे गेलेले. आयुष्यभर खांबावर चढलेल्या माणसाचे गुडघेच आधी जातात. मला पाहून उठायला लागला. मी म्हटलं, बस.

"भाऊ, लई वर्सानं."

"शामराव, थे कॉल इंदूचे होते."

"मले माईत हाय," तो म्हणाला.

त्याच्या बायकोनं चहा आणला. कप हातात धरून मी विचारलं, "मंग चौकात काऊन नाई बोलला?"

"बोललो असतो त तुमी बाईले त्या फोनजवळ बसू देलं असतं काय?"

नसतं दिलं. 

मग त्यानं सांगितलं. पहिल्याच आठवड्यात तो लाईन पाहायला आला होता, तेव्हा त्याला इंदू साध्या फोनवर बोलताना दिसली. मशीन बाजूला. तिनं हात जोडले. म्हणाली, शामराव, माह्या पोरीचं लेकरू सातव्या महिन्यातच झालं. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठिवलं हाय. पोरगी एकटी हाय थिथं, दवाखान्यासमोरच्या औषधाच्या दुकानात येऊन बसते दुपारी, माह्या फोनसाठी. मी दुसऱ्याच्या बूथवर गेली तर संध्याकाळपर्यंत घरी त्यायले कळन.

"मी मंग रोज दुपारी येऊन तुमच्या बाकावर बसो," शामराव म्हणाला. "कोनी गिऱ्हाईक आलं का सांगो, लाईन डेड हाय, चार वाजता या. बाई आतून बोलत राहे. पोरीले सांगे, असं पाज, तसं पुस, घाबरजो नोको. आकडे नाई पाहे. थिच्या समोर आकडेच नव्हते."

मला ती दोन-तीन गिऱ्हाइकं आठवली, फोन डेड आहे म्हणून सांगणारी. ती डेड लाईनच मी त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून अर्जात घालायला लावली होती.

"पोरगा होता का पोरगी?" मी विचारलं.

शामरावनं माझ्याकडं पाहिलं. "तुमाले नाई माईत? मले वाटलं, बाईनं मंग सांगतलं असन." मग म्हणाला, "पोरगा. सव्वीस दिवस जगला."

माझ्या ताटात जेवायला बसला असता असा एक नातू सव्वीस दिवस ह्या जगात होता, आणि मी त्याचं बिल हातात धरून चौकात शिव्या देत होतो.

मी खिशातून भरलेल्या बिलाची पावती काढून त्याच्यासमोर ठेवली. माझं लिहिलेलंही दाखवलं. त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं.

"कागद नोको मले, भाऊ. तुमी कागदावर नवते बोलले, चौकात बोलले होते. मी जंगलात आठ वर्सं काढले. लेकरायची शाळा गेली त्यात. तरी कागदाचा राग नाई. चौकाचा हाय."

"चौकात आता कोन हाय ऐकाले? रस्ता रुंद झाला, टपऱ्या उठल्या. अर्धे लोक वर गेले."

"मंग जिथं ऐकनारे असन थिथं बोला," तो म्हणाला. आणि बायकोला म्हणाला, "भाऊले जेवू घालून पाठव."

म्हणून हे ह्या अंकात. शामराव लाईनमन चोर नव्हता. त्यानं माझ्या लाईनला हात लावला नव्हता. तो माझ्या बायकोच्या पाठीशी उभा राहिला आणि त्याबद्दल मी त्याला गावातून घालवलं. जामचे जे कोणी उरले असतील आणि हे वाचतील, त्यांनी दुसऱ्यांना सांगावं.

एक राहिलं.

हिंगणघाटवरून आल्यावर मी वंदनाला फोन केला. नंबर पुतण्याकडं होता. दुसऱ्यांना हजारो फोन लावून दिले, पण आपल्या मुलीला लावायची ही पहिली वेळ.

"वंदना, मी बोलून राह्यलो."

 "बाबा? काय झालं? तब्येत?"

"तब्येत बरी हाय. तुह्या मायचं बिल भरलं." आणि मग सव्वीस दिवसांचं आणि बाळाचं बोललो; मला तेव्हा काही माहीत नव्हतं, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. ती रडत होती, पण भांडत नव्हती. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो.

"बाबा, मले राग नाई तुमचा," ती म्हणाली. "आई सांगे ना मले. 'बाबा बाजूलेच बसले हायेत. बोलनार नाई, तुले माईत हाय त्यायचा स्वभाव, पन ऐकून राह्यले.' रोज सांगे. म्हनून मी मोठ्यानं बोलत जाय, तुमाले ऐकू याव म्हनून. बाळ गेलं त्या दिवशी मी म्हटलं, आई, त्यायले फोन दे एकडाव. आई म्हने, थे रडून राह्यले, त्यायले बोलवत नाई. आईच्या मयतीले तुमी बोलले नाई, तरी मले वाईट नाई वाटलं. मले माईत होतं ना, तुमी ऐकता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"होते ना बाबा तुमी?"

खात्याच्या टेबलावर मी खरं लिहिलं. शामरावसमोर खरं बोललो. इथं माझी जीभ वळली नाही. मी 'हो' म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

आठ दिवस झाले. त्या 'हो'नं झोप नाही. इंदूनं जे केलं ते पोरीला जगवायला केलं. मी जे केलं ते स्वतःला वाचवायला. हा अंक छापून आला की एक मी भुसावळला पाठवणार आहे, आणि ह्या शेवटच्या ओळी तिच्यासाठी आहेत.

वंदना, बाळ गेलं त्या दिवशी मी वावरात होतो. संध्याकाळी घरी आलो तर चूल पेटलेली नव्हती. तुझी माय भिंतीकडं तोंड करून पडली होती, डोकं दुखते म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो, शिळी भाकर खाल्ली आणि झोपलो. सव्वीस दिवस आत तुझी माय होती आणि बाहेर बाकावर शामराव होता. मी नव्हतो.